सी शिकल्याशिवाय बोलायचं नाही

बारामती,
१२ जुलै २०२४

वैदे,

आशीर्वाद, खुशाली, इकडील सर्व क्षेम हे सगळं तूच मनात वाचून घे. मी सरळ मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षी मे महिन्यात, शेळगावात आप्पाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, मी तुला चार माणसांत विचारलं होतं, "तू तिकडे बंगलोरला नक्की करतेस तरी काय गं?" तू हसलीस. म्हणालीस, "अक्का, तुला सांगून कळायचं नाही. सी नावाची भाषा असते. तिचं एक बारीक पुस्तक आहे. ते संपव, मग आपण बोलू." मीही काही कमी नाही. म्हटलं, "मग तोवर बोलूच नको." तू म्हणालीस, "नको तर नको." झालं. मला वाटलं तू दिवाळीला फोन करशील. तुला वाटलं मी करीन. एकाच आईच्या पोटच्या आपण, दोघींनीही केला नाही.

भावकीत सगळ्यांना वाटतं, बहिणींचं जमिनीवरून बिनसलं. मी ते खोडून काढत नाही. खरं कारण सांगायची मला जास्त लाज वाटते.

तर, फोन करणार नाही असं मी म्हटलं होतं. पत्र लिहिणार नाही असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

मार्चअखेर तू रिटायर होणार. मग तिकडेच राहायचं की इकडे यायचं ते तू ठरवशील, आणि मला न विचारता ठरवशील, कारण आपण बोलत नाही. मला तू इकडे हवी आहेस. आडपडदा कशाला ठेवू? म्हणून ते पुस्तक मी मागवलं आहे आणि मार्चच्या आत संपवणार आहे.

मला वाटलं होतं, एवढंसं पुस्तक, पंधरा दिवसांचं काम. आयुष्यभर पोरांना बीजगणित शिकवलंय. पण लवंगी मिरचीही बारीकच असते. लेखक एकदा सांगतात आणि पुढे जातात. कळलं का, असं विचारायची पद्धत नाही. तेच वाक्य मी तिसऱ्यांदा वाचते तेव्हा त्यातला एक शब्द नव्यानं दिसतो. राग येतो, पण खोटं कशाला बोलू, फळ्यावर असंच नेमकं लिहायला मला आवडायचं.

आप्पाची उत्कर्षा कॉलेजसाठी आमच्याकडेच असते. लॅपटॉप तिचा. ती म्हणते, "आत्या, आता सी कोण शिकतं? पायथन शिक, सोपं आहे." म्हटलं, बाई, मला पायथनशी नाही बोलायचं, तुझ्या धाकट्या आत्याशी बोलायचंय.

पहिल्या धड्यात पडद्यावर शब्द उमटवायचे असतात. मी इंग्रजी अक्षरांत शेळगाव उमटवलं. त्याआधी एक अर्धविराम राहिला म्हणून त्या यंत्राने माझ्या सात चुका काढल्या. एका चुकीच्या सात करून दाखवणारी माणसं मी शिक्षण खात्यातच पाहिली होती.

सोबत एकोणतीसचा पाढा छापणारा प्रोग्राम जोडला आहे. तपासावासा वाटला तर तपास.

अक्का


बारामती,
१८ ऑगस्ट २०२४

वैदे,

पाकीट मिळालं. आत तुझं पत्र नाही, एक ओळ नाही, "ती. सौ. मालतीअक्कास" एवढंसुद्धा नाही. माझाच कागद परत, आणि त्यावर लाल शाईच लाल शाई. या ओळी आत सरकव. हे नाव काय ठेवलंय. हे दोनदा कशाला. तेही शब्दांत नाही, नुसते बाण आणि गोल. इतकं कसून तर मी बोर्डाचे पेपरही तपासले नाहीत.

मी तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच शिरा केला. आमचे हे म्हणाले, "एवढ्या चुका निघाल्या आणि शिरा कसला?" म्हटलं, चुका काढायला का होईना, तिने पेन उचललं ना. यांनी दोनदा शिरा घेतला.

सध्या एका प्रकारच्या पुष्कळ वस्तू एका रांगेत कशा ठेवायच्या ते शिकतेय. रांगेतल्या पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य. यावर माझं आणि उत्कर्षाचं दोन दिवस भांडण झालं. रांगेत पहिला उभा असलेल्याला शून्य म्हणायचं हा कुठला न्याय? ती म्हणाली, "आत्या, सुरुवातीपासून किती पुढं जायचं, ते मोजतात. पहिल्यासाठी कुठंच जायचं न्हाय." हे मला पटलं. पटल्याचं मी तिला सांगितलं नाही.

आता ऐक. रविवारी आप्पा आला होता. आपल्या चारीवरच्या शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था आहे, तिचा तो चेअरमन आहे, हे तुला ठाऊक आहेच. कालव्याचं आवर्तन सुटलं की चारीला पाणी किती दिवस मिळणार ते कळतं, आणि मग कुणाचं रान किती त्या हिशोबाने कुणाला किती तास, कुणाची पाळी कधी, हे आप्पा हाताने काढतो. दर वेळी कुणाचे तरी तास चुकतात आणि दर वेळी बांधावर भांडण. मला म्हणाला, "मालाक्का, तू ते कम्पुटरचं शिकतीस न्हवं? मग त्या पाढ्यापेक्षा माझी पाळी लावून दे की. पाढं तर मला बी येत्यात." 

तेव्हा आता पाळीचा प्रोग्राम लिहायला घेतला आहे. पहिला खर्डा सोबत आहे.

अक्का


बारामती,
२२ सप्टेंबर २०२४

वैदे,

खर्डा परत आला. एका ठिकाणी तू इतक्या जोरात गोल काढला आहेस की कागद फाटला. तो गोल कशाचा होता ते मला त्याआधीच कळलं होतं. काय झालं ते सांगते.

संस्थेत सभासद सतरा. मी रांग छापली तर नावं सतरा आणि त्याखाली अठरावी ओळ. नावाच्या जागी काहीतरी चिन्हं, आणि पाणी बत्तीस हजार तास. आप्पा माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "ह्यो कोण नवा मेंबर? आन बत्तीस हजार तास? ह्याला सोताचं धरण बांधून द्या म्हणावं." उत्कर्षा हसून लोळायची बाकी राहिली.

शून्यापासून मोजायला लागलं की सतराव्याचा क्रमांक सोळा असतो. मी सतरापर्यंत गेले, म्हणजे रांग संपून पलीकडच्या रानात पाय ठेवला. सी तुम्हाला अडवत नाही. चला म्हणते आणि तिथं जे काही पडलेलं असेल ते उचलून देते. पोरं अशा भाषेला घाबरतात, उत्कर्षा म्हणाली. मला उलट तिचा स्वभाव आवडायला लागला आहे. तुझ्यासारखा आहे.

आता पत्त्यांचं प्रकरण चालू आहे, ज्याला तुम्ही पॉइंटर म्हणता. या प्रकरणात मी तीन वेळा पुस्तक मिटून पापड लाटायला बसले. वस्तू द्यायची नाही, वस्तूचा पत्ता द्यायचा, आणि ज्याला पत्ता दिला त्याने तिकडे जाऊन मूळ वस्तूच बदलायची. शेवटी उत्कर्षानेच समजावलं, "आत्या, तू पत्र बंगलोरच्या पत्त्यावर टाकतीस, पण फरक त्या घरात पडतो का न्हाय? तसंच."

फरक पडतो का ते तू सांगायचं. मला प्रकरण समजलं आहे. उदाहरणं सोबत आहेत.

अक्का


शेळगाव,
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

वैदे,

आज हे पत्र आप्पाच्या पडवीत बसून लिहिते आहे. पाळीचा प्रोग्राम या वेळी जोडलेला नाही, तो वेगळ्या पाकिटाने उद्या बारामतीहून टाकीन. आज नुसतं पत्र.

ओवाळून झालं, ताटात ओवाळणी पडली, मी ताट उचललं, तरी आप्पा पाटावरून उठेना. त्याची द्वारकाबाई म्हणाली, "उठा की आता, पाव्हणं जेवायची थांबल्यात." तर म्हणाला, "उठतो. आजून एक राह्यली न्हवं." मग जरा वेळ बसला आणि आपणच उठला. गेल्या वर्षीही तसंच केलं होतं, असं द्वारकाबाई म्हणाली. मला गेल्या वर्षी ते दिसलं नव्हतं.

जेवताना त्याने उत्कर्षाला विचारलं, सी शिकून धाकटी आत्या काय करते? उत्कर्षाला ठाऊक होतं, कारण तिने तुझ्या कंपनीचं नाव शोधून सगळं वाचलेलं आहे. ती म्हणाली, ट्रकच्या ब्रेकचं यंत्र असतं, चाक कधी धरायचं आणि कधी सोडायचं ते त्यातला प्रोग्राम ठरवतो, आणि ते प्रोग्राम आत्याचं पथक सीमध्ये लिहितं. आप्पाने घास खाली ठेवला. म्हणाला, "मंजी उसाचा ट्रक फॅक्टरीला जातोय, डायव्हरनं ब्रेक दाबला, तर वैदीनं लिवल्यालं चालतं?" "चालत असंल," उत्कर्षा म्हणाली. आप्पा म्हणाला, "आन हे आपल्याला कुणी सांगितलं न्हाय." द्वारकाबाई पोळी वाढत होती, ती म्हणाली, "तुमी इचारलं व्हतं का कदी?"

आप्पा मग कुणी येईल त्याला सांगत सुटला. आत्तापर्यंत गावातल्या सहा जणांना ब्रेकची गोष्ट कळलेली आहे आणि प्रत्येक वेळी ट्रक मोठा होतो आहे. शेवटच्याला त्याने सांगितलं तेव्हा तो ट्रक घाटात होता.

मी आता पत्त्यांच्या प्रकरणाच्या पुढे गेले आहे, म्हणजे मला थोडंफार कळतं. एवढीशी जागा, एवढासा वेळ, आणि एक चूक झाली तर चाक सुटणार नाही. असलं काम करून संध्याकाळी तू घरी यायचीस आणि तिथं विचारायला कुणी नव्हतं. वैदे, मला तुझा फार अभिमान वाटला. हे मला फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्याला अट आहे.

अक्का


बारामती,
१ डिसेंबर २०२४

वैदे,

यादी पूर्ण झाली. कुणाला किती तास, कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं चोख. आप्पाला दाखवली. तो खुर्चीवरून अर्धा उठला. "येकदम करेक्ट हाय, मालाक्का. येक मानूस इकडं न्हाय का तिकडं न्हाय. ह्यी अशीच्या अशी मीटिंगला मांडतो." आप्पा सहसा कुणाचं एवढं कौतुक करत नाही. मी फुगले.

दोन दिवसांनी तुझं पाकीट आलं. कागदावर एकही बाण नाही, गोल नाही, आणि खाली लाल शाईत एक ओळ. दीड वर्षांत तू मला लिहिलेलं पहिलं वाक्य. "पाणी टेलकडून सुरू होतं, अक्का."

बरोबर आहे तुझं. चारीच्या शेवटी, टेलला ज्याचं रान, त्याला पाणी आधी. तिथून वर वर सरकत तोंडाशी यायचं. नाहीतर तोंडाशी असलेले भिजवून घेतात आणि टेलला नुसता ओला चिखल पोचतो. आपल्या चारीवर आबांच्या काळापासून हीच रीत. मी मात्र रांग शून्यापासून धरली आणि सरळ चालत गेले, पुस्तकात तसंच होतं म्हणून. मी शाळेसाठी बारामतीला मावशीकडे वाढले. पाळीच्या वेळी आबांबरोबर कंदील धरून बांधावर उभी राहायची ती तू. तुला ते बंगलोरला बसून आठवलं.

आणि आप्पाला यादी एवढी का आवडली तेही मग कळलं. आप्पाचं रान चारीच्या तोंडाशी आहे. माझ्या रांगेत शून्य क्रमांकावर तोच होता. मी त्याला फोन करून विचारलं, तुझ्या लक्षात आलं नव्हतं का? म्हणाला, "आलं व्हतं की. पर कम्पुटरनं सांगितल्यावर आमी काय बोलणार?"

मी तुझी ओळ त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "वैदीच्या ध्यानात हाय व्हय आजून."

चक्र उलटं फिरवलं. शेवटच्यापासून सुरू करायचं, एकेक कमी करत यायचं, शून्यापर्यंत. काल मीटिंग झाली, मी इंदापूरच्या एसटीने गेले होते. टेलच्या रतनने आपलं नाव सगळ्यात वर बघितलं आणि यादी दोनदा वाचून घेतली. तिने विचारलं, "कुणी केली ही?" आप्पा म्हणाला, "दोघी भनींनी."

मी दुरुस्त केलं नाही त्याला. खरंच होतं.

अक्का


बारामती,
१९ जानेवारी २०२५

वैदे,

आवर्तन भांडणावाचून पार पडलं. एक भांडण झालं, पण ते बोकडावरून होतं, त्याला माझा प्रोग्राम काही करू शकत नाही.

पुस्तकाचं आता एकच प्रकरण राहिलं आहे. पाळीचा सगळा प्रोग्राम मी पुन्हा पहिल्यापासून, स्वच्छ, तुझ्या सगळ्या बाणांप्रमाणे लिहून काढला आहे. चक्र उलटं फिरवलंय तोही भाग त्यात आहे. तो तू अजून पाहिलेला नाहीस. सोबत पाठवते. मला वाटतं या वेळी लाल शाईची बाटली तुला उघडावी लागणार नाही. गर्व म्हण हवं तर.

म्हणजे फेब्रुवारीत पुस्तक संपतं. मार्चच्या आधी. तयारीत राहा.

अक्का


बारामती,
१६ फेब्रुवारी २०२५

वैदे,

पाकीट आलं. सगळा कागद कोरा आणि एकाच जागी गोल. उलट्या चक्राची ओळ. मी लिहिलं होतं, क्रमांक शून्य किंवा शून्याहून मोठा असेतोवर फिर. तू "किंवा शून्य" खोडलंस. वर फुली.

तू सांगितलंस म्हणून मी विचार न करता बदललं. गुरूने फुली मारली की मारली. नव्या आवर्तनाची यादी छापली आणि आप्पासमोर ठेवली. त्याने वरून खाली वाचली, खालून वर वाचली, चष्मा पुसून परत वाचली. म्हणाला, "मालाक्का, माझं नाव कुठं हाय?"

नव्हतं. रतन होती, दत्तोबा होता, बाकीचे सगळे होते. शून्यावरचा आप्पा गायब. आप्पा म्हणाला, "हे वैदीनं मुद्दाम केलं. त्या टेलच्या यादीचा राग काढला माझ्यावर."

मलाही आधी तेच वाटलं आणि हसू आलं. पण रात्रीचं जेवण होईस्तोवर मी त्यावरच विचार करत होते. माझी ओळ बरोबर होती. गेल्या आवर्तनात त्याच ओळीने सगळ्यांना पाणी मिळालं. आणि तू, जिच्या ओळींवर ट्रकची चाकं थांबतात, तुला शून्य विसरणं शक्य नाही. बरोबर ओळीवर तू जाणूनबुजून फुली मारलीस.

वैदे, हे मी ओळखते. शाळेत मी हेच करायची. एखादी पोर झरझर गणितं सोडवायची. तिचं झालं की ती पाटी उचलून पळणार हे मला ठाऊक असायचं. मग मी म्हणायची, परत बघ, कुठंतरी चुकलंय. चुकलेलं काही नसायचं. ती आणखी थोडा वेळ फळ्यापाशी थांबावी, एवढंच. ती गेली की वर्ग ओका वाटायचा.

पुस्तक संपलं की पाकिटं बंद होतील, असं तुला वाटलं ना? मग पुढे काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, ही धास्ती मलाही आहे. जानेवारीपासून शेवटचं प्रकरण माझ्यासमोर आहे आणि मी रोज दुसरंच काहीतरी काम काढते. परवा मी माळ्यावरची सगळी भांडी घासली.

म्हणून आता एक कर. आप्पाचं नाव मी परत आणलं आहे, तो भाग मिटला. पण शेवटचं प्रकरण मी उघडणार नाही. ते मला एकटीला जमणार नाही असं मी आजच ठरवून टाकलं आहे. अंगणाकडची खोली रंगवून घेतली आहे, टेबल खिडकीपाशी ठेवलं आहे, आणि खुर्च्या दोन आहेत. मार्चअखेर सामान घेऊन ये आणि ते प्रकरण मला शेजारी बसून शिकव.

पुस्तक संपलेलं नाही, तेव्हा अट अजून लागू आहे हे मला मान्य आहे. तू न बोलता शिकव. मी काही म्हणणार नाही.

तुझी,
अक्का